कॉर्डेलियाचे मौन आणि दोन जहाजांचे कोष्टक

आमच्या विभागात भाषाविज्ञान शिकवणारे एक सहकारी आहेत. कोणत्याही गोष्टीचे कोष्टक मांडल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. गेल्या महिन्यात ते एक कागद घेऊन आमच्याकडे आले. सुट्टीत त्यांना सिंगापूरहून निघणाऱ्या एखाद्या क्रूझवर सहकुटुंब जायचे आहे. कागदावर दोन जहाजांची नावे होती आणि त्यांखाली बावीस ओळी : लांबी, मजले, उपाहारगृहे, पोहण्याचे तलाव, नाट्यगृहातील आसने, वाय-फायचा दर, इत्यादी. प्रत्येक ओळीत सरस ठरलेल्या जहाजापुढे बरोबरची खूण. "तेरा विरुद्ध नऊ," असे म्हणून त्यांनी आमचे मत विचारले. आम्ही मत दिले नाही, चहा दिला. कारण असाच एक कागद आमच्याही कपाटात आहे, आणि तो आठवला की आम्हांला अजून थोडी लाज वाटते.

तो कागद २०२३ च्या गणपतीतला. 'आम्ही' म्हणजे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवणारे नवरा-बायको. सोबत येणार होत्या आमच्यातील एकीची आई. त्यांची पंच्याहत्तरी आदल्या वर्षी काही करायची राहून गेली होती, आणि रखडलेल्या थकबाकीचा एक हप्ता अनपेक्षितपणे हाती पडला होता. आईंचे माहेर वेंगुर्ल्याचे. त्यांचे बालपण आणि तारुण्य मुंबई ते वेंगुर्ला अशा आगबोटीच्या फेऱ्यांत गेलेले. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत त्यांना पुन्हा एकदा समुद्रावर न्यावे, हा बेत दोघांनाही एकदमच सुचला. (दोन मराठीच्या प्राध्यापकांना एकाच वेळी एकच गोष्ट सुचण्याचे प्रसंग विरळा असतात, हे जाणकारांना सांगायला नकोच.)

त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुमारास मुंबईहून निघणारी दोन जहाजे आमच्यापुढे होती. एक कॉर्डेलिया क्रूझेसचे 'एम्प्रेस', जे सप्टेंबर २०२१ पासून आपल्या किनाऱ्यावर फेऱ्या करू लागले होते. दुसरे कोस्टा क्रूझेस या इटालियन कंपनीचे 'कोस्टा सेरेना', जे त्या नोव्हेंबरात केवळ एका हंगामापुरते मुंबई, कोची आणि लक्षद्वीप या टापूत येणार होते. तो हंगाम जानेवारी २०२४ मध्ये संपला. म्हणजे नेमकी ती निवड आज कुणापुढे नाही. पण निवड करताना आम्ही केलेली चूक अजून शिल्लक आहे आणि आमच्या सहकाऱ्यांच्या कागदावर ती नव्याने अवतरली आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

आधी जहाजांविषयी. 'एम्प्रेस' हे १९९० साली फ्रान्समधील सें-नाझेर येथे बांधलेले जहाज. जन्मले तेव्हा त्याचे नाव 'नॉर्डिक एम्प्रेस' होते. २००४ मध्ये ते 'एम्प्रेस ऑफ द सीज' झाले, २००८ मध्ये पुलमांतुर या स्पॅनिश कंपनीकडे जाऊन नुसते 'एम्प्रेस' उरले, २०१६ मध्ये रॉयल कॅरिबियनकडे परत येऊन पुन्हा 'एम्प्रेस ऑफ द सीज' झाले, आणि महासाथीच्या काळात, २०२० च्या डिसेंबरात विकले जाऊन अखेर आपल्याकडे आले. इतकी नामांतरे झालेल्या संहितेला पाठचिकित्सक हमखास संशयाने पाहील. आम्हांला मात्र त्यात एक प्रकारचे चिवटपण दिसले. मुंबईकरांना ठाऊक असलेले त्या आधीचे 'कर्णिका' हे जहाज २०१९ मध्ये थाटात सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी अलंगच्या भंगारकिनाऱ्यावर पोचले. त्या मानाने तेहेतीस वर्षांचे 'एम्प्रेस' म्हणजे दीर्घायुषीच.

'कोस्टा सेरेना' त्याहून सतरा वर्षांनी लहान : २००७, जेनोआजवळच्या सेस्त्री पोनेंते येथील गोदीत बांधलेले. लांबी २९० मीटर, 'एम्प्रेस'ची साधारण २११. खोल्या पंधराशे, 'एम्प्रेस'वर सुमारे आठशे. आतली सजावट रोमन देवदेवतांची, मधल्या भव्य सभामंडपाचे नाव 'पँथिऑन'. 'एम्प्रेस'वर बाल्कनीच्या खोल्या अगदी मोजक्या, कारण १९९० मध्ये सामान्य प्रवाशाला बाल्कनी हवी असते असे जहाजे बांधणाऱ्यांना फारसे वाटत नसे. 'सेरेना'वर त्या शेकड्यांनी होत्या.

आमच्या कोष्टकात अर्थातच 'सेरेना' पुढे होते. त्यातली एक ओळ 'वजन' अशी होती. तिच्यापुढे एकीकडे सुमारे १,१४,००० टन आणि दुसरीकडे सुमारे ४८,५०० टन असे लिहिले होते. तिकिटे काढून देणाऱ्या गृहस्थांनी "लाख टनांचं धूड आहे सर, हलत पण नाही" असे सांगितले आणि आम्ही ते लिहून घेतले. हा अर्थाचा घोटाळा आमच्या लक्षात यायला आठवडा गेला, हे शब्दांवर पोट असणाऱ्यांना शोभणारे नाही. जहाजाच्या वर्णनातले हे 'ग्रॉस टनेज' वजन सांगत नाही. ते जहाजातील बंदिस्त जागेच्या घनफळावरून काढलेले एक एकक आहे. या शब्दाचे मूळ मद्याच्या पिंपात आहे : जहाजात किती 'टन', म्हणजे किती पिंपे मावतात, हा व्यापाऱ्याचा जुना प्रश्न. म्हणजे तो आकडा खरे तर माणसी जागा किती, हे काढण्याच्या कामाचा. तसा हिशेब केला, एका खोलीत दोन माणसे धरली, तर 'सेरेना'वर माणसी अडतीस एकके येतात आणि 'एम्प्रेस'वर तीस. फरक आहे, पण दुपटीहून अधिक मोठ्या जहाजाचा जो दरारा मनात बसला होता, तो या आकड्यांत उरत नाही. शिवाय दिवाळीच्या सुट्टीत एका खोलीत मुलांसह तिघे-चौघे राहणार, तेव्हा तेही गुणोत्तर आणखी खाली येणार. मोठ्या जहाजावर गर्दीही मोठी असते, इतकी साधी गोष्ट त्या कोष्टकात कुठेही बसत नव्हती.

मग आम्ही माहितीपत्रकांकडे वळलो. ते आमचे क्षेत्र. दोन्ही पत्रके, कंपन्यांची आणि मधल्या पर्यटनसंस्थांची, समोर ठेवून वाचली आणि ध्यानात आले की दोन्हींची भाषा एकच आहे. तरंगते पंचतारांकित हॉटेल, समुद्रावरचे शहर, राजेशाही थाट, अविस्मरणीय क्षण. विद्यार्थ्यांना अलंकार शिकवताना अपह्नुतीची उदाहरणे शोधण्यात आमची दरवर्षी दमछाक होते. उपमेयाचा निषेध करून ते उपमानच आहे असे ठासून सांगणे, ही तिची व्याख्या. इथे पानोपानी तीच होती : हे जहाज नव्हेच, हे हॉटेल, हा डेक नव्हेच, ही चौपाटी, ही सफर नव्हेच, हा लग्नसोहळा. जहाजाची स्तुती ते जहाजासारखे न वाटण्याबद्दल होती. समुद्र छायाचित्रांत होता, तोही निळ्या पडद्यासारखा मागे. मजकुरात तो नव्हता. दोन पत्रकांतील मिळून चोवीस पानांत लाट हा शब्द आम्हांला एकदाही सापडला नाही.

कॉर्डेलिया हे नाव तर साहित्याच्या माणसाला स्वस्थ बसू देणारे नाही. ते कंपनीने कोणत्या हेतूने घेतले याच्याशी आम्हांला कर्तव्य नाही. शेक्सपिअरच्या लिअर राजाचे नाव वेल्श कथांतील ल्लीर या नावाशी जोडले जाते आणि त्या नावाचा संबंध समुद्राशी लावला जातो, तेव्हा लिअरची लेक समुद्राची लेक म्हणून शोभते, हेही खरे. पण विंदांच्या 'राजा लिअर'मधून किंवा मूळ इंग्रजीतून ज्यांनी ते नाटक वाचले आहे, त्यांना पहिला प्रवेश आठवेल. म्हातारा राजा राज्याचा नकाशा उलगडून बसतो आणि तीन मुलींना विचारतो, तुमच्यापैकी माझ्यावर सर्वांत जास्त प्रेम कोणाचे? गॉनरिल बोलते आणि नकाशाचा एक तुकडा मिळवते. रीगन तिच्यावर कडी करते आणि दुसरा मिळवते. कॉर्डेलिया बोलण्याच्या या चढाओढीत उतरायला नकार देते आणि बेदखल होते.

या प्रवेशाचे विवेचन वर्गात करताना आपण बहुतेक थोरल्या दोघींच्या ढोंगावर बोट ठेवतो. आमच्या मते मूळ दोष प्रश्नाचा आहे. प्रेम 'किती' असे विचारले, की उत्तर परिमाणातच येणार आणि ज्याला बोलता येते तोच जिंकणार. लिअरने मांडली ती तुलना कोष्टकाचीच होती. तोलायच्या वस्तूंना तो स्वतःविषयी बोलायला सांगतो आणि त्यांचे बोलणे मापात घेतो. आम्हीही तेच करत बसलो होतो. दोन जहाजे आमच्यापुढे उभी राहून सांगत होती, माझ्याकडे इतकी उपाहारगृहे, माझ्याकडे इतके तलाव, आणि आम्ही आमच्या थकबाकीच्या हप्त्याचा नकाशा मांडीवर घेऊन खुणा करत होतो. कॉर्डेलियाचे नाव घेतलेले जहाजही गॉनरिलच्याच भाषेत बोलत होते, ही त्यातली गंमत. शिरवाडकरांच्या १९७० च्या 'नटसम्राट'मध्ये अप्पांना दोनच अपत्ये आहेत, नंदा आणि नलू. तिसरी, न बोलणारी मुलगी तिथे नाहीच. तिच्या नसण्यावर मराठी समीक्षेने अजून पुरेसे लिहिलेले नाही असे आम्हांला वाटते, पण तो विषय निराळा.

असो. आईंना आम्ही या सगळ्यापासून दूर ठेवले होते. त्यांना आयत्या वेळी चकित करायचे होते. पण तिकिटाचे गृहस्थ दूरध्वनीवर वयाचा दाखला, आधार असे काही मोठ्याने बोलले आणि बिंग फुटले. आईंनी कागद मागून घेतला, चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला आणि दोन प्रश्न विचारले.

"खिडकी उघडता काय गो?"

आणि थोड्या वेळाने, "आणि उतरूचा कसा?"

बावीस ओळींत या दोन्हींचे उत्तर नव्हते. आमच्याकडे तीन प्रकारच्या खोल्यांचे दर होते : बिनखिडकीची आतली, समुद्र दिसणारी आणि बाल्कनीची. पण समुद्र दिसणाऱ्या खोलीची खिडकी उघडते का, हे विचारायचे आम्हांला सुचले नव्हते. ती उघडत नाही. वातानुकूलित जहाजावर ती जाड, बंद काच असते. वारा हवा असेल तर बाल्कनी घ्यावी नाहीतर डेकवर जावे. हे ऐकल्यावर आई म्हणाल्या, "मगे येश्टीच बरी." हा विनोद होता असे आम्ही समजलो. तो तसा नसावा.

दुसऱ्या प्रश्नाचे मूळ समजायला आईंचे बालपण समजायला हवे. कोकणच्या किनाऱ्यावर बोट चालत असे तेव्हा ती पावसाळ्यात बंद राही आणि एरवी मुंबईहून निघून दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण करत वेंगुर्ल्याला आणि पुढे पणजीला जाई. यांतल्या कितीतरी ठिकाणी बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही, किनाऱ्यावरून पडाव येत, आणि वर-खाली होणाऱ्या बोटीतून वर-खाली होणाऱ्या पडावात माणसे, ट्रंका, आंब्याच्या पेट्या आणि तान्ही मुले उतरवली जात. खालच्या खलाशाने दंड धरायचा आणि लाट वर आली की पाय टाकायचा. आईंचा जन्म १९४७ चा, म्हणजे ज्या वर्षी १७ जुलैला 'रामदास' भाऊच्या धक्क्याहून रेवसला जाताना काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली, त्या वर्षाचा. त्यांची आई प्रत्येक फेरीला पडावात पाय टाकण्यापूर्वी रामदासचे नाव काढी आणि मग नारळ सोडी. ज्यांनी समुद्रावर खरोखर प्रवास केला, त्यांना चढण्याची नव्हे, उतरण्याची काळजी असते. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्या बोटी संपल्या आणि ही काळजीही आमच्या पिढीच्या डोक्यातून पुसली गेली.

आम्ही चौकशी केली. लक्षद्वीपच्या प्रवाळबेटांभोवती पाणी उथळ, मोठी जहाजे दूर उभी राहतात आणि प्रवाशांना लहान बोटींतून किनाऱ्यावर नेतात. म्हणजे पडावच. नाव वेगळे, अंगात नारिंगी जाकीट, बाकी लाट तीच. शहात्तर वर्षांच्या गुडघ्यांनी ते जमणार नव्हते, आणि आम्ही उतरून निळ्या पाण्यात डुंबायचे व आईंनी जहाजावरून आमच्याकडे पाहत बसायचे, हा प्रकार आम्हांला मान्य नव्हता. गोव्याच्या सफरीत मात्र जहाज मुरगाव बंदरात धक्क्याला लागते, शिडीवरून चालत उतरता येते. आमच्या तारखांत 'एम्प्रेस' गोव्याला जाऊन परत येत होते आणि 'सेरेना'च्या सफरीत लक्षद्वीप होते.

पेच असा पडला की आईंचे दोन प्रश्न दोन वेगवेगळ्या जहाजांकडे बोट दाखवत होते. उघडणारे दार हवे तर 'सेरेना', कारण बाल्कन्या तिथे. सुखाने उतरायचे तर 'एम्प्रेस'. तुलनेचा खरा प्रारंभ इथे झाला असे आम्ही मानतो. त्याआधीची ती नुसती बेरीज होती.

एकदा असा कान तयार झाला, की पत्रकांतील इतर मौनेही ऐकू येऊ लागली. 'सेरेना' ही 'कोस्टा कॉन्कॉर्डिया'ची बहीण, एकाच आराखड्याची. 'कॉन्कॉर्डिया' १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळली आणि ३२ माणसे गेली. तिथे दोष आराखड्याचा नव्हता, जहाज बेटाच्या फार जवळून नेण्याच्या कप्तानाच्या निर्णयाचा होता, आणि न्यायालयाने २०१५ मध्ये त्याला शिक्षा दिली. 'सेरेना'वर पाऊल टाकायला आम्ही मुळीच कचरलो नसतो. परंतु त्या दुर्घटनेनंतर प्रवाशांची सुरक्षा-कवायत जहाज निघण्याआधी किंवा निघता निघता घेण्याचा नियम आला. दोन्ही पत्रकांत नाचाच्या वेळा होत्या, कवायतीची नव्हती.

खलाशांविषयीही मौन. 'तत्पर सेवकवर्ग' असे दोन शब्द. ज्या गोव्यात जायचे, तिथल्या सासष्टीत, बार्देशात घरोघरी एखादा तारवटी असतो, जगभरच्या क्रूझ जहाजांवर राबणारा. २०२० च्या एप्रिलात बंदरे बंद झाली तेव्हा यांपैकी अनेकजण आठवडेच्या आठवडे समुद्रावर अडकून पडले होते आणि त्यांची कुटुंबे इकडे सरकारला विनवत होती. जहाजाची तुलना करताना प्रवासी-सेवक गुणोत्तर ही ओळ आमच्या सहकाऱ्यांनीही घातली आहे. तिचा अर्थ, आपल्या वाट्याला माणूस किती येतो. आम्हांला ती ओळ खोडावी असे वाटत नाही. पण तिच्या शेजारी ती माणसे एका वेळी किती महिने घरापासून दूर असतात, अशी एक ओळ असावी.

यावर कुणी म्हणेल, की सुट्टीला जाताना इतका खल कशाला. चार दिवस खावे, प्यावे, परत यावे. हे म्हणणे आम्ही तुच्छतेने झटकत नाही. आमचे सहकारी दोन मुलांना नेत आहेत. मुलांना पाण्याच्या घसरगुंड्या हव्यात आणि त्यांच्यासाठी घसरगुंड्यांची ओळ हीच महत्त्वाची आहे. आम्ही दोघेच गेलो असतो तर 'सेरेना'ची बाल्कनी घेऊन तीन दिवस खोलीबाहेर पडलो नसतो, आणि तो निर्णयही योग्यच ठरला असता. तक्रार एवढीच, की बावीस ओळींना सारखेच वजन देऊन बेरीज करणारा कागद हे प्रश्न विचारूच देत नाही. आपण विद्यार्थ्यांना दोन कादंबऱ्यांची तुलना करायला सांगतो तेव्हा पृष्ठसंख्या, पात्रसंख्या, आवृत्त्या यांचे कोष्टक आणणाऱ्याला किती गुण देतो? आणि तरी परीक्षेत गुण अशाच मुद्द्यांच्या बेरजेने देतो, हेही कबूल करायला हवे.

पेच आईंनीच सोडवला. "खिडकीशिवाय भागात," त्या म्हणाल्या, "डेक असा मां? खुर्ची टाकून बसान. पण उतराक व्हया." डेकवर उद्वाहनाने जाता येते, सावलीत बसता येते आणि रात्रीही तो उघडा असतो, एवढे आम्ही तिकिटाच्या गृहस्थांकडून तीनदा वदवून घेतले. चौथ्यांदा विचारल्यावर त्यांनी "मॅडम, जहाज आहे ते, डेक असणारच" असे उत्तर दिले. सगळ्या व्यवहारात त्याला जहाज म्हणणारे ते पहिलेच वाक्य.

'एम्प्रेस'चे आरक्षण झाले, समुद्र दिसणारी, न उघडणाऱ्या खिडकीची खोली. आरक्षणाच्या कागदावर बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत असे छापलेले होते. आम्ही ते आईंना वाचून दाखवले. त्यांनी ऐकून घेतले आणि बोट लागू नये म्हणून आमसुले, दोन लिंबे आणि आवळासुपारीची डबी पिशवीच्या तळाशी, लुगड्याच्या घडीत ठेवली. त्यावर एक नारळ होता.